जवारी, बँकेची परीक्षा आणि एक वही

प्रश्न: बाई, मी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाणं शिकते आणि सुट्टीच्या दिवशी सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे तंबोऱ्याची जवारी लावायला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवायला शिकते. वडील म्हणतात, शौक नंतर कर, आधी बँकेच्या परीक्षेचं बघ. मैत्रिणी म्हणतात, निदान एखादं सर्टिफिकेट तरी मिळव. या नादाचा पुढे कामासाठी काही उपयोग होईल का?
– एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर: सर्टिफिकेटच्या मागे लागू नकोस, हे आधी सांगते. सांगलीत इतकी वर्षं फिजिक्स शिकवताना बायोडेटात ‘छंद : संगीत, वाचन’ लिहिणारी मुलं पुष्कळ पाहिली. पुढचा एक प्रश्न विचारला की गप्प व्हायची. तुझं तसं नाही. घोडीवर कानस किती हलकी चालवायची, तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकवला की आवाज कसा खुलतो, हे तुझ्या बोटांना कळायला लागलंय. त्यावर तू तासभर बोलू शकशील, आणि समोरचा ऐकत राहील.

आता तुझ्याच विषयाकडे ये. पुस्तकातला नियम काय सांगतो? तार जिथे छेडली, तिथे ज्या हार्मोनिकचा (मूळ सुराच्या पटीतल्या सुराचा) नोड, म्हणजे न हलणारा बिंदू येतो, तो हार्मोनिक उमटू नये. तंबोऱ्यात तो खणखणीत उमटतो! घोडी रुंद आणि किंचित गोलाईची असते, हलणारी तार तिला पुन:पुन्हा स्पर्श करते, म्हणून. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, तो याच कोड्याबद्दल. म्हणजे तुमच्या गल्लीत रोज हातांनी जे चालतं, त्याचा रामन यांनाही ध्यास होता.

वडिलांना हेही सांग, की हेच रामन १९०७ पासून दहा वर्षं सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. कलकत्त्यात ऑफिसची वेळ सांभाळून ते प्रयोगशाळेत जायचे, आणि त्या कामाच्या जोरावरच १९१७ मध्ये प्राध्यापक झाले. त्यामुळे बँकेचा फॉर्म भरायला माझी अजिबात ना नाही. वडिलांची काळजी खरी आहे. फक्त अभ्यासाच्या नावाखाली रविवारची गल्ली बंद करू नकोस.

यंदाचा प्रोजेक्ट जवारीवरच घे. एकच तंबोरा, जवारी लावण्याआधी आणि नंतर, धाग्यासह आणि धाग्याविना रेकॉर्ड कर. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात स्पेक्ट्रम दिसतो, म्हणजे आवाजात कुठला सूर किती जोरात आहे ते कळतं. मोबाईल दरवेळी त्याच अंतरावर ठेव, नाहीतर तुलना फसेल. आणि वहीत उस्तादांचे शब्द जसेच्या तसे लिही. त्यांची परवानगी घे, प्रोजेक्टवर त्यांचं नाव घाल. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ही विद्या अजूनही बरीचशी कानातच आहे.

पुढचे रस्ते यातूनच फुटतील : ध्वनिशास्त्रातलं संशोधन, सभागृहांच्या आवाजाचं काम, पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधला पदवीनंतरचा साउंडचा अभ्यासक्रम (प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच). यातलं काय मनापासून करावंसं वाटतं, ते रेकॉर्डिंग करताना तुझं तुलाच उमगेल. कुणाला घासायला आवडतं, कुणाला मोजायला, कुणाला ऐकायला. तुला यातलं काय, ते वहीची पहिली चार पानं भरली की मला कळव.