प्रश्नही रेकॉर्ड होतो

प्रिय मुली,

आशीर्वाद. बालकल्याण समितीने सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाला आधार देणारी व्यक्ती, म्हणून नेमल्यावर तुला लवकरच लैंगिक अत्याचार झालेल्या एखाद्या मुलाच्या जबाबाच्या रेकॉर्डिंगला बसावं लागेल. जबाब पोलीस अधिकारी घेतील, तू नाहीस. तरीही तुला त्यातलं सगळं कळायला हवं, कारण काही बिघडत असेल तर मुलाच्या बाजूने ते थांबवणारी त्या खोलीत कदाचित तू एकटीच असशील.

पोक्सो कायदा 2012, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याचं कलम 24 सांगतं की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, तिचा दर्जा उपनिरीक्षकापेक्षा कमी नसावा आणि अंगावर गणवेश नसावा. कलम 26 म्हणतं, मूल बोलेल तसाच जबाब नोंदवा, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत ठेवा आणि शक्य तिथे ऑडिओ-व्हिडिओ करा.

'मूल बोलेल तसाच' हे तीन शब्द पाठ कर. सहा वर्षांच्या मुलीच्या जबाबात 'सदर इसमाने माझ्याशी लज्जास्पद वर्तन केले' असं टाइप झालेलं असतं. सहा वर्षांचं कुठलं मूल असं बोलतं? बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो, की हे पढवलेलं आहे. मूल 'शूची जागा' म्हणालं तर कागदावरही 'शूची जागा'च हवी, आणि ती कोणती हे पुढे मुलालाच विचारून घेतलेलं हवं. मूल अहिराणी किंवा गोंडी बोलत असेल तर त्याचे मूळ शब्द आणि दुभाषाचं भाषांतर, दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट ऐकू यायला हवेत.

रेकॉर्डिंगमध्ये मुलाइतकाच विचारणाराही दिसतो. 'काकांनी हात लावला ना?' असं विचारून मिळालेल्या 'हो'ला फारसं वजन राहत नाही. 'काय झालं ते सुरुवातीपासून सांग', 'मग?', 'त्याबद्दल अजून सांग' एवढ्यावर बरंच मिळतं. त्यानंतर गप्प बसायचं, मनात दहा अंक मोजायचे. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही आणि ते नवा प्रश्न टाकतात, नेमकं मूल तोंड उघडणार तेव्हा. तोच प्रश्न पुन्हा विचारला की मुलाला वाटतं आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. 'आधी का नाही सांगितलंस?' हा प्रश्न तर मुलाच्या कानाला आरोपासारखाच लागतो. तारीखही विचारू नये. 'गणपती बसले होते का तेव्हा? शाळा होती की सुट्टी?' असं विचारलं की काळ कळतो.

मुख्य विषयाआधी पाच-सात मिनिटं दुसऱ्याच गोष्टीवर घालवलेली बरी. काल सकाळी उठल्यापासून काय केलंस, हे मुलाला सविस्तर सांगू दे. तेवढ्यात त्याला लांब उत्तर द्यायची सवय होते आणि त्याची भाषा कळते. 'माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, माझं चुकलं तर मला सांग' हेही कॅमेऱ्यासमोरच सांगितलेलं असावं.

आता यंत्राचं. कॅमेरा स्टँडवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. चौकटीत मूल आणि विचारणारी, दोघंही. फोन वापरणार असाल तर एअरप्लेन मोड, क्लाउड बॅकअप बंद, चार्जर लावलेला, 32 जीबी जागा मोकळी. आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर मुलापासून हातभर अंतरावर ठेव. आपल्याकडे आवाज बहुतेकदा डोक्यावरच्या पंख्यामुळे जातो. घरात असाल तर कुकरच्या शिट्टीनेही. एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐक, मगच मुलाला आत बोलव. कॅमेरा त्याला दाखव आणि कशासाठी आहे ते सांग. मात्र 'आता पुन्हा कुणाला सांगावं लागणार नाही' असं वचन देऊ नकोस. मॅजिस्ट्रेटसमोर आणि विशेष न्यायालयातही त्याला बोलावं लागू शकतं.

सुरुवातीला तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने बोलली जावीत. मध्ये पॉज करायचा नाही. मुलाला शूला जायचं असेल तर वेळ बोलून कॅमेरा चालूच ठेवायचा. मध्येच गायब झालेल्या चार मिनिटांत काय शिकवलं, याचं उत्तर नंतर कुणालाच देता येत नाही. मुलाने नुसती मान हलवली तर 'मान हलवलीस, म्हणजे काय?' असं विचारून उत्तर शब्दांत यायला हवं. आई सोबत असेल तर तिला मुलाच्या शेजारी, किंचित मागे बसव. तिचा रडवेला चेहरा बघितला की मूल तिला जपायला गप्प होतं.

संपल्यावर मूळ मेमरी कार्ड तपास अधिकाऱ्याने सीलबंद करायचं आणि काम प्रतीवर करायचं. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून द्यायला प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा ठशासारखा आकडा, असते, म्हणून ती त्याच दिवशी काढलेली चांगली. व्हॉट्सअ‍ॅपवर एक सेकंदाची क्लिपसुद्धा नको. तिथे फाइल आकाराने लहान केली जाते, हॅश बदलते, आणि मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

घरच्यांना निरोप दे: मुलाला आधी जेवू घाला, 'काय काय सांगितलंस?' असं विचारू नका. मूल आपणहून बोललं तर ऐकून घ्या आणि त्याचेच शब्द तारीख-वेळेसह वहीत उतरवा. मग ती वही तपास अधिकाऱ्याला दाखवायला घेऊन जा.

तुझी,
ताई