गिटारच्या स्वरलिपीतला ‘२’ नेमका कशाचा?

प्रश्न : मी काही वर्षे कीबोर्ड वाजवत होते आणि आता क्लासिकल गिटार शिकू लागले आहे. सरांनी दिलेल्या कागदांवर स्वरांशेजारी आकडे आहेत, काही आकडे वर्तुळात आहेत, वर रोमन आकडे आहेत आणि मध्येच ‘पी, आय, एम, ए’ ही अक्षरे येतात. टॅबमध्ये, म्हणजे तारांच्या रेषांवर आकडे मांडलेल्या स्वरलिपीत, तर आकड्यांशिवाय काहीच नसते. कुठल्या आकड्याचा काय अर्थ घ्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आकडा कोणता आहे यापेक्षा तो कुठे आणि कोणत्या रूपात छापला आहे, हे आधी पाहावे. स्वराशेजारचा साधा २ म्हणजे डाव्या हाताचे मधले बोट. कीबोर्डवर अंगठा १ असतो. गिटारचा डावा अंगठा दांड्यामागे राहत असल्यामुळे मोजणी तर्जनीपासून सुरू होते आणि करंगळी ४ ठरते. आपला गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला असावा. ० म्हणजे मोकळी तार.

वर्तुळातला २ म्हणजे दुसरी तार. सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी. पेटीवर त्या उंचीच्या स्वराला एकच पट्टी असते, पण गिटारवर तोच स्वर अनेक जागी सापडतो. पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ दुसऱ्या तारेच्या ५व्या, तिसरीच्या ९व्या आणि चौथीच्या १४व्या फ्रेटवरही (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) मिळतो. पाच रेषांच्या स्वरलिपीत तो सगळीकडे सारखाच दिसतो, म्हणून तार सांगावी लागते.

वरचा रोमन आकडा हाताचे स्थान सांगतो. रोमन पाच असेल तर तर्जनी ५व्या फ्रेटवर ठेवावी. मग २, ३ आणि ४ ही बोटे आपोआप ६, ७ आणि ८व्या फ्रेटवर येतात. त्याच्या आधी ‘सी’ किंवा ‘बी’ असेल तर तर्जनी आडवी टाकून बार धरायचा, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबायच्या असतात. हा ‘सी’ कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरसमूहाच्या नावाचा, नव्हे. कॉर्डच्या नावापुढे रोमन आकडा येत नाही.

अक्षरे उजव्या हाताची आहेत आणि ती स्पॅनिश नावांवरून घेतली आहेत : ‘पी’ अंगठा, ‘आय’ तर्जनी, ‘एम’ मध्यमा, ‘ए’ अनामिका. ‘पी’बाबत मात्र सावध राहावे, कारण रेषांखाली ठळक तिरक्या अक्षरात आलेला ‘पी’ हळू आवाजात वाजवण्याची खूण असतो, आणि टॅबमध्ये दोन आकड्यांच्या मध्ये आलेला ‘पी’ म्हणजे दाबलेले बोट तार छेडत उचलून खालचा स्वर काढणे, ज्याला वादक ‘पुल-ऑफ’ म्हणतात.

टॅबच्या सहा रेषा म्हणजे सहा तारा, आणि रेषेवरचा आकडा फक्त फ्रेटचा. सर्वांत वरची रेषा बारीक तारेची असते, म्हणजे मांडीवर गिटार घेतल्यावर जी तार सर्वांत खाली दिसते तिची. सुरुवातीला हे उलटे वाटते. साध्या टॅबमध्ये कोणते बोट वापरावे आणि स्वर किती मात्रा टिकवावा हे बहुधा दिलेले नसते, त्यामुळे रचना आधी ऐकलेली नसेल तर केवळ टॅबवर विसंबू नये.

बोटांचे आकडे बहुतेक वेळा संपादकाने सुचवलेले असतात. आपल्या हाताला ते जमत नसतील तर सरांना विचारून पेन्सिलीने खुशाल बदलावेत. वर्तुळातला आकडा बदलताना मात्र आधी दोन्ही जागी वाजवून पाहावे, कारण तार बदलली की स्वर तोच राहिला तरी त्याचा पोत बदलतो.