वाचकांचे प्रश्न : छोटी ४५ मोठ्या एलपीपेक्षा मोकळी का वाजते?

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ७८ च्या जाड तबकड्या, लहान ४५ (हे आकडे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचे) आणि मोठ्या एलपी अशा तिन्ही रेकॉर्ड निघाल्या. एक गाणं ४५ वरही आहे आणि एलपीवरही. ४५ वर ते मोकळं वाजतं, एलपीवर ‘स’ आणि ‘श’ फाटतात. एलपी खराब झाली का? प्लेअर जुना, सिरॅमिक पिकअपचा (पिकअप म्हणजे सुई बसवलेला भाग) आहे.
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आधी हे पाहा, एलपीच्या त्या बाजूवर ते गाणं कितवं आहे? शेवटचं असेल तर रेकॉर्डला लगेच दोष देऊ नका. एलपीचे फेरे मिनिटाला ३३⅓ च, सुई काठाशी असो की लेबलपाशी. पण काठाला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सें.मी. खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. ‘स’ची बारीक वळणं तिथे इतकी दाटतात की गोल टोकाच्या सुईला ती धरता येत नाहीत. सात इंची ४५ वर हाच वेग काठाला सुमारे ४० आणि आत २५. म्हणजे एलपीच्या पहिल्या गाण्यापुढे ४५ फिकी पडावी, शेवटच्यापुढे मात्र सरस ठरावी. त्याच एलपीचं पहिलं गाणं लावा. तेही फाटत असेल तर सुई झिजली आहे, नाहीतर झिजलेल्या सुईने आधीच खाच खाल्ली आहे.

दुसरा हिशेब मिनिटांचा. ढोलकी-तबल्याच्या खर्जाला रुंद खाच लागते. एका बाजूला १८-२० मिनिटं असली तर एलपी भरदार वाजते. २५ च्या वर गेली की खाचा बसवायला आवाजच बारीक कापतात, मग खरखर वर येते. चार गाण्यांची ४५, म्हणजे ईपी, याच कारणाने बाजूला एकच गाणं असलेल्या ४५ पेक्षा दबकी वाटते.

७८ चा वेग सगळ्यांत जास्त, पण ती लाखेची आणि त्यात दगडाची भुकटी, म्हणून खरखर जन्माचीच. तिची सुई वेगळी: टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉन, ४५ आणि एलपीला १८ ते २५. तुमच्या पिकअपवर सुई उलटवायची छोटी दांडी असेल. ‘७८’ आणि ‘एलपी’ अशी खूण बघूनच फिरवा. बारीक सुई ७८ च्या तळाशी खडखडते, जाड सुई एलपीच्या खाचेचे काठ फोडते. आणि स्टीरिओ रेकॉर्ड फक्त मोनोसाठी केलेल्या जुन्या पिकअपवर लावूच नका. त्याची सुई वर-खाली लवत नाही, खाच खरवडते.

प्रश्न : टिनाच्या खोलीत ठेवलेल्या एलपी वाकल्या. सरळ होतील? आणि धुवायच्या कशाने?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : हलका बाक असेल तर पाच-सहा मि.मी. जाडीच्या दोन काचांमध्ये, सपाट फरशीवर, काही आठवडे दाबून ठेवा. काठ लाटेसारखा झाला असेल तर आशा कमी. उन्हात तापवून सरळ करायला जाऊ नका, खाचाच बिघडतात. नवतपाच्या आधी रेकॉर्ड टिनाखालून हलवा. आडव्या थप्पीत नकोत, उभ्या ठेवा; कूलरच्या झोताजवळही नकोत, ओलीने कव्हरला बुरशी धरते.

बोअरचं पाणी वाळल्यावर क्षार सोडतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या (ॲसिड नव्हे!), त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा. लेबल कोरडं राहू द्या. ७८ ला स्पिरिट कधीच लावू नका, लाख विरघळते.