फोटो कुठंच जुळत नाही म्हणजे नवीन प्रजाती का? पाटणच्या छोट्या पतंगाबद्दल

दादा, प्रश्न नीट वाचला. पाटणजवळ तुमच्या पडवीतल्या बल्बवर आलेला जेमतेम ८ मिमीचा करडा पतंग, पुढच्या पंखावर तीन काळे ठिपके, गुगल लेन्सला सापडत नाही, आयनॅचरलिस्टवर (लोक जिथं जीवांचे फोटो टाकून ओळख विचारतात त्या साइटवर) कुणी ओळख दिली नाही, तर ही नवीन प्रजाती आहे का आणि असली तर आजीचं नाव देता येईल का. असू शकते. पण नुसत्या फोटोवरून ते कुणीच सांगू शकणार नाही, आणि आपल्याकडच्या बारक्या पतंगांचा फोटो न जुळणं हे रोजचंच आहे कारण कितीतरी जणांचा जिवंतपणीचा फोटोच कुणी काढलेला नाहीये, नाव मात्र शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं असतं.

हे नाव देणारा माणूस बहुतेक वेळा एकच, एडवर्ड मेरिक. इंग्लंडमधला शाळामास्तर, त्याने जगभरातल्या १४ हजारांवर बारक्या पतंगांची वर्णनं केली, भारतातून कारवार, कूर्ग, बिहारमधल्या पुसा इथून लोक त्याला नमुने पाठवायचे. वर्णनं लॅटिन नाहीतर इंग्लिशमध्ये, चारपाच ओळींची, चित्र नाही, आणि जननेंद्रियं तपासायला तो तयारच नसायचा. त्यामुळे "करडा, तीन काळे ठिपके" हे वर्णन त्याच्या कित्येक प्रजातींना लागू पडेल. सुदैवाने त्याचे मूळ नमुने लंडनच्या म्युझियममध्ये आहेत आणि क्लार्क नावाच्या संशोधकाने १९५५ ते १९७० मध्ये त्यातल्या बऱ्याच नमुन्यांचे पंखांचे आणि जननेंद्रियांचे फोटो आठ खंडांत छापले, ते नेटवर फुकट मिळतात. नवीन म्हणण्याआधी हे सगळं चाळायचंच. कंटाळवाणं आहे पण खरं काम हेच आहे.

तुमच्या दुसऱ्या फोटोत, बाजूने काढलेल्या, मला एक गोष्ट फार आवडली. तोंडापुढचे दोन स्पर्शक विळ्यासारखे वर वळून डोक्याच्याही वर गेलेत. सोंडेच्या मुळाशी खवले आहेत का आणि मागचा पंख टोकाशी एकदम निमुळता होऊन बाहेर ओढल्यासारखा आहे का हे बघा, दोन्ही असेल तर बहुतेक जेलेकिडी कुळ. म्हणजे गुलाबी बोंडअळीचं, आणि पुसेगावकडं बटाटा करणाऱ्यांना चांगली माहीत असलेल्या बटाटा पोखरणाऱ्या अळीचं कुळ. शेतीला त्रास देणाऱ्या या चारदोन जाती सोडल्या तर आपल्या डोंगरातल्या जेलेकिडींकडं कोणी फारसं बघितलेलं नाही, म्हणून तुमच्या पतंगाबद्दल मला खरंच उत्सुकता आहे.

आता निर्णय कुठं लागतो तर पोटाच्या टोकाला. वाळलेल्या नमुन्याचं पोट अलगद मोडून घ्यायचं, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकून ती टेस्टट्यूब गरम पाण्यात ठेवायची, दहापंधरा मिनिटांत आतलं मऊ सगळं विरघळतं आणि नुसतं कवच उरतं, मग पाण्यात घेऊन बारीक ब्रशने खवले झाडायचे. खवल्यांचा करडा ढग पाण्यात सुटतो आणि खालून नराची दोन पकडपानं, त्यांच्यावरचा हुकासारखा आकडा, असं एकेक स्वच्छ दिसायला लागतं. मादीत एक पिशवी असते आणि बऱ्याच जातींत तिच्या आत काटेरी तुकडा. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती इथं चटकन वेगळ्या पडतात. हे घरी करू नका, ते रसायन कातडी जाळतं, जवळच्या कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या लॅबमध्ये करा, आणि स्लाइडवर जो नंबर तोच पतंगाच्या पिनवर, नाहीतर सगळी मेहनत वाया.

एक पाय काढून अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनए बारकोडला, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखायच्या तपासणीला, तेवढा पुरतो. बारकोडचा ६५८ अक्षरांचा तुकडा डेटाबेसमध्ये कुणाशी जुळला नाही तरी तेवढ्याने प्रजाती नवीन ठरत नाही, मेरिकच्या कितीतरी प्रजातींचा बारकोड कुणी केलेलाच नाही, त्यामुळे डेटाबेस गप्प राहणारच.

एका नमुन्यावर कुणी वर्णन करू नये असं माझं ठाम मत आहे, नियमात बसलं तरी. नर पाहिजेत, माद्या पाहिजेत, ठिपके कमीजास्त होतात का ते बघायला पाहिजे. आणि तिथं राहणाऱ्या माणसाला जे जमतं ते लंडनच्या कपाटाला जमत नाही, ते म्हणजे अळी शोधणं. पडवीच्या आसपास करवंद, जांभूळ, कारवी जे काही असेल त्याची गुंडाळलेली, शिवलेली, आतून पोखरलेली पानं काढून डब्यात टिश्यूपेपरवर ठेवा, डब्यावर झाडाचं नाव आणि तारीख टाका. पतंगाऐवजी बारीक गांधीलमाशी निघाली तर तीही ठेवा, ती त्या अळीवर जगणारी असते. झाडासकट अळीसकट वर्णन झालं तर त्या पेपरची किंमतच वेगळी.

अंगणातलं ठीक, पण कोयना अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात वनखात्याच्या परवानगीशिवाय एकही पतंग उचलायचा नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन प्रजातीचा नमुना सरकारने ठरवलेल्या संस्थेत जमा करावा लागतो, झेडएसआय म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातलीच आणि तिचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथल्या लोकांशी आधीच बोला. पेपरमध्ये होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव टिकून असतं तो, कोणता आणि कुठं ठेवलाय हे लिहिलेलं लागतं, आणि फक्त ऑनलाइन निघणारं जर्नल असेल तर झूबँक या प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीतली नोंदणी पेपरात दिसायला लागते. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडं जाऊ नका.

आजीचं नाव जरूर देता येईल, स्त्रीच्या नावाला वेगळा शेवट लागतो तेवढा जाणकाराकडून तपासून घ्या. फक्त पेपर छापून येईपर्यंत ते नाव फेसबुकवर टाकू नका, वर्णनाशिवाय फिरलेल्या नावाला काही अर्थ नसतो आणि पुढं नुसता गोंधळ होतो.

आत्ता एवढंच करा, पुन्हा आला तर छोट्या डबीत घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा, चिठ्ठीवर गाव, जीपीएस, उंची, तारीख, तुमचं नाव. पहिल्या पावसानंतरच्या अंधाऱ्या दमट रात्री सगळ्यात चांगल्या, पांढरी चादर लावून बघा. आणि पडवीपासून हाताच्या अंतरावर कुठली झाडं आहेत ती इथं लिहा, त्यावरून अळी कुठं शोधायची ते सांगतो.