शेडसाठी कूलर: भाड्याने की विकत?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागात माझं शालेय गणवेश शिवण्याचं युनिट आहे. पत्र्याची शेड, अठरा कारागीर, बहुतेक बायका. एप्रिल-मे म्हणजे ऐन सीझन आणि नेमकं तेव्हाच दुपारी आत बसवत नाही. चार मोठे कूलर भाड्याने घेतले तर प्रत्येकी महिना ३,५०० रुपये, ने-आण ३,००० आणि डिपॉझिट २०,०००. विकत घेतले तर नग २२,००० ला. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडून विकत घेऊ का? शेडचा करार फेब्रुवारीत संपतो. पाणी चार दिवसांआड येतं.

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. यंदा भाड्यानेच घ्या.

कूलर घ्यायचेच, याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. गेल्या मे महिन्यात अशाच एका शेडमध्ये दुपारी अडीचला उभा होतो. कॉलर लावणाऱ्या एक बाई दर थोड्या वेळाने मशीन थांबवून हात पदराला पुसत होत्या. पांढऱ्या कापडावर घामाचा डाग पडला की शर्ट बाजूला जातो आणि पीसवर काम करणाऱ्याची तेवढी मजुरी बुडते. बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना तापलेल्या पत्र्याखाली माणसाने आठ तास बसायचं, हे हिशेबाआधी माणुसकीच्या नजरेतून बघायला हवं.

पण त्याच शेडच्या कोपऱ्यात मालकाने दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या पाचपैकी तीन कूलर ताडपत्रीखाली पडून होते. पॅडमध्ये कापडाचं तूस गच्च बसलेलं, पंप जळलेले. घेताना देखभालीचा खर्च कुणी धरलाच नव्हता.

आता तुमचे आकडे बघू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस टेकला की हवा दमट होते आणि कूलरचा उपयोग संपतो. म्हणून तीन महिन्यांऐवजी एप्रिल ते जून मध्य, असा अडीच महिन्यांचा दर ठरवा. भाडं ३५,००० आणि ने-आण ३,०००, म्हणजे सीझनला ३८,०००. विकत घेतले तर ८८,०००, शिवाय पॅड-पंप-सर्व्हिसिंगला वर्षाला साधारण ६,००० धरा. दोन सीझनला भाडं ७६,००० होतं, खरेदी १,००,०००. तिसऱ्या सीझनला भाडं १,१४,००० वर जातं, खरेदी १,०६,००० वर राहते. म्हणजे तिसऱ्या उन्हाळ्यात खरेदी परवडायला लागते. तुमचा करार तर दुसऱ्या उन्हाळ्याआधीच संपतोय. कूलर नव्या जागेत नेता येतील, हे खरं. पण ती जागा उंच छताची निघाली तर तिथे डक्टचा, म्हणजे मोठ्या नळीतून हवा सोडणारा, मोठा कूलर लागेल आणि हे चार अपुरे पडतील.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पैसे कोणत्या महिन्यात जातात ते. तुमचा धंदा उन्हाळ्यात पैसा ओततो आणि पावसाळ्यात उचलतो. कापड आधी भरायचं, मजुरी दर आठवड्याला, आणि शाळा-दुकानदारांची बिलं जून-जुलैत सुटणार. मे महिन्यात एखाद्याचा चेक अडकला तर मजुरी भागवायला हीच एफडी आहे.

कराचं थोडक्यात. भाडं पूर्ण खर्चात जातं, कूलरवर मात्र वर्षाला १५ टक्केच घसारा, म्हणजे वापराने घटलेल्या किमतीची वजावट, मिळतो. उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा दाखवून कर भरत असाल, तर दोन्हीने फरक पडत नाही. जीएसटी कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत, असाल तर खरेदीवरच्या १८ टक्क्यांची वजावट मिळणार नाही. २२,००० करासकट आहेत का, ते दुकानदाराला विचारा.

पाण्याचा खर्च तुम्ही लिहिलेला नाही. कोरड्या उन्हात मोठा कूलर ताशी पंधरा लिटर पाणी सहज पितो. चार कूलर, आठ तास, म्हणजे दिवसाला जवळजवळ पाचशे लिटर. चार दिवसांची साठवण दोन हजार लिटर. टाकी तेवढी नसेल तर टँकरचे पैसे धरा. हा खर्च भाड्यालाही आहे आणि खरेदीलाही, पण दोन कूलरवर भागलं तर तो निम्मा होईल.

आणि भागू शकतं. कूलर येण्याआधी पत्र्याला वरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, त्याचे दोन-तीन दर मागवा. प्रेसच्या टेबलामागे एक्झॉस्ट लावा, तिथली वाफ बाहेर गेली पाहिजे. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा. बंद शेडमध्ये कूलर नुसती ओल वाढवतो आणि तयार माल दमट होतो. एवढं करून आधी दोनच कूलर आणा, आठवडाभर बघा, मग तिसऱ्या-चौथ्याचं ठरवा.

भाड्याच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: मोटर जळली तर खर्च कुणाचा, बदली कूलर किती तासांत मिळणार, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. डिपॉझिटची पावती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेडमालकाशी बोलणी दिवाळीच्या सुमारास उरका. तीन वर्षांचा करार झाला तर थंडीत, दुकानदार माल काढायला बघतात तेव्हा, दोन कूलर विकत घ्या. तोवर शाळांची बिलंही जमा झालेली असतील.