सर्किट-चुंबकत्वाच्या स्पर्धेची तयारी : आधी अंदाज लिहा, मग वायर जोडा

ताई, तुम्ही विचारलंय की आठवी-नववीच्या मुलांची सर्किट आणि चुंबकत्वाची स्पर्धा दीड महिन्यावर आलीये, लेखी त्यांना जमतं पण सामान समोर ठेवलं की हात थांबतात, तर गणितांचं अजून कुठलं पुस्तक घ्यावं. माझं सरळ मत, पुस्तक आता नकोच. सूत्रं त्यांची पाठ आहेत, पण वायर जोडल्यावर काय होईल ते डोळ्यासमोर येत नाहीये. इंदूरच्या शाळांमधल्या मुलांची तयारी करून घेताना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट एकच, सर्किट जोडायच्या आधी अंदाज वहीत लिहायचा, पेनाने, आणि चुकला तरी खोडायचा नाही.

सुरुवात दोन सेल आणि टॉर्चच्या दोन-तीन बल्बांनी करा. दोन बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एकाच वाटेवर, लावायच्या आधी विचारा, कुठला जास्त उजळेल? बरीच मुलं लिहितात प्लसजवळचा, कारण करंट पहिल्या बल्बात खर्च होतो असं त्यांना आतून वाटत असतं, पेपरात बरोबर उत्तर लिहीत असली तरी. मग मल्टिमीटर (करंट, व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजणारं मीटर) करंटवर ठेवून पहिल्या बल्बाच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी असा तीन ठिकाणी लावायला लावा, तिन्हीकडे रीडिंग सारखंच. हे त्यांनी स्वतः बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, दोन दिवस गेले तरी जाऊ द्या. दुसरा गैरसमज म्हणजे सेल ठरावीकच करंट देतो. एका बल्बाला पॅरलल, म्हणजे त्याच दोन टोकांना वेगळ्या वाटेने, दुसरा जोडला की सेलमधून निघणारा करंट जवळजवळ दुप्पट होतो आणि पहिल्याचा उजेड फारसा कमी होत नाही. सेल जुने असले तर मात्र दोन्ही मंद होतात, तेव्हा सेलचं व्होल्टेज बल्ब लावून आणि काढून असं दोनदा मोजायला सांगा, सेलच्या आतल्या रेझिस्टन्सची, म्हणजे करंटला होणाऱ्या अडथळ्याची, ओळख तिथेच होते.

एक गंमत नक्की करा. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब, हिशोबाने रेझिस्टन्स आठ ओहमच्या वर येतो, पण बंद बल्बाला मीटर लावलं तर त्यापेक्षा खूपच कमी दाखवतं, आणि मुलं म्हणतात मीटर खराब आहे. मीटर बरोबरच असतं, फिलामेंट तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. म्हणून ओहमचा नियम (व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात करंट वाढतो) तपासायला बल्ब नको, रेझिस्टर घ्या, जेल रोडला सुटे मिळतात. रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी म्हणजे ५ टक्के इकडेतिकडे, त्यामुळे २२० ओहमचा रेझिस्टर २१४ दाखवत असेल तर तो ठीकच आहे, हे मुलांना माहीत नसेल तर ती उगाच घाबरून सगळं सर्किट परत उकलत बसतात.

मीटरबद्दल कडक राहा. बल्बाचा करंट बघायला मीटरची लाल वायर (प्रोब) १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, २०० मिलिअँपिअरवर लावलं तर फ्यूज उडू शकतो. आणि मोजून झालं की प्रोब लगेच परत व्होल्टच्या सॉकेटमध्ये, नाहीतर पुढचा मुलगा व्होल्टेज बघायला जातो आणि सेल शॉर्ट करतो. घरचा प्लग, इन्व्हर्टरची किंवा मोबाइलची बॅटरी, यांना हात लावायचाच नाही.

चुंबकत्वात १८२० चा ओर्स्टेडचा प्रयोग, म्हणजे करंट वाहणाऱ्या वायरजवळ होकायंत्राची सुई वळते तो, त्यांच्याकडून करून घ्या. वायर उत्तर-दक्षिण ठेवायची, म्हणजे सुईला समांतर, पूर्व-पश्चिम ठेवली तर सुई बऱ्याचदा हलतच नाही आणि मुलांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. होकायंत्र वायरच्या वर आणि मग खाली ठेवून बघा, सुई उलट बाजूला वळते. उजव्या हाताचा नियम (अंगठा करंटच्या दिशेने, तर वळलेली बोटं चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने) वापरताना पेन्सिल खाली ठेवायची सवय लावा, कारण उजव्या हातात पेन्सिल असली की मुलं नकळत डाव्या हाताचा अंगठा धरतात आणि उत्तर बरोबर उलटं येतं, हातातले मार्क जातात.

खिळ्याच्या चुंबकासाठी मोटर वाइंडिंगवाल्याकडे उरलेली तांब्याची वायर मागा, टोकांवरचं एनॅमल (करंट अडवणारा लेप) पॉलिश पेपरने नीट घासायचं. ५० वेढ्यांचे १०० केले की टाचण्या दुप्पट उचलल्या पाहिजेत असं मुलं लिहितात, तसं सहसा होत नाही कारण वायर लांबली की रेझिस्टन्स वाढून करंट कमी होतो. तुलना खरी हवी असेल तर दोन्ही वेळा तेवढीच लांब वायर जोडा, ५० च्या वेळी उरलेली वायर सर्किटमध्येच, पण खिळ्याला न गुंडाळता नुसती बाजूला राहू द्या. आणि काही सेकंदच जोडा, वायर तापते.

तुम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरला आहात तर कॅट, म्हणजे आताचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, शेजारीच आहे. तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉन यंत्रात २.५ जीईव्ही (ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन साधारण १७२ मीटर घेराच्या रिंगमध्ये फिरतात आणि त्यांना वळवतात चुंबकच. विज्ञान दिनाच्या सुमारास शाळेच्या मुलांना आत जायला मिळालं तर नक्की न्या.

शेवटचे दहा दिवस फक्त बिघाड शोधायला ठेवा. एकाने गुपचूप सिरीज सर्किटमधलं एक जोडणं सोडायचं, दुसऱ्याने नुसत्या व्होल्टमीटरने ते शोधायचं. चांगल्या बल्बांवर शून्य दिसतं आणि जिथे तुटलंय तिथे सेलचं पूर्ण व्होल्टेज, हेही आधी लिहूनच. तुमच्याकडे मीटर कुठलं आहे ते कळवा, त्याच्या सॉकेटप्रमाणे सांगतो.