वाचकांचे प्रश्न : ‘श्यामची आई’ वर्गात दाखवताना

प्रश्न : आठवीच्या मुलांना 1953 सालचा ‘श्यामची आई’ दाखवायचा आहे. अस्पृश्यतेचा विषय निघेल म्हणून काही सहकारी नको म्हणतात. काय करावे? (एक शिक्षिका, इंदोरा, नागपूर)

उत्तर : जरूर दाखवा, आणि विषय निघू द्या. आधी फळ्यावर काळाची एक रेघ काढा. साने गुरुजींचा जन्म 1899चा, पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले, आणि अत्र्यांचा चित्रपट 1953चा. त्याच रेघेवर महाडचा सत्याग्रह (1927), मंदिरप्रवेशासाठी गुरुजींनी पंढरपुरात केलेले उपोषण (1947), संविधान (1950) आणि आपली दीक्षाभूमी (1956) मांडा. ही रेघ नसली की पडद्यावरचा काळ आणि चित्रपट बनवणाऱ्यांचा काळ मुलांच्या डोक्यात एकच होतो. मग ‘तेव्हा तसंच होतं’ म्हणून चर्चा आटोपते. खरे तर चित्रपट आला तेव्हा अस्पृश्यता बंद करणारे संविधानाचे कलम 17 लागू होऊन तीन वर्षे झाली होती.

चित्रपटासोबत पुस्तकातले ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण घ्या. महार समाजातल्या एका म्हातारीला मोळी उचलता येत नाही. आई श्यामला हात लावायला पाठवते, आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. आईची माया खरी आहे आणि विटाळाची चौकटही शाबूत आहे. दोन्ही एकाच प्रसंगात आहेत, म्हणून तो शिकवायला फार मोलाचा. मुलांना विचारा : इथे नाव कुणाला आहे, निर्णय कोण घेतो, आणि कुणाच्या वाट्याला फक्त मदत स्वीकारणे येते? त्या म्हातारीच्या बाजूने पाच-सात ओळी लिहायला सांगा.

बिघडते ते पुढे. ‘तुमच्या घरी काय सांगतात?’ असे वर्गातल्या एखाद्या दलित मुलाकडे पाहून विचारले जाते. हे कधीही करू नका. दुखण्याचा दाखला देणे ही मुलाची जबाबदारी नाही. जातीचा उल्लेख असलेला उतारा स्वतः वाचा, मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ नका. चित्रपट चार-पाच तासिकांत विभागा आणि प्रत्येक वेळी शेवटची दहा मिनिटे बोलण्यासाठी राखा. सलग दाखवला तर आईच्या मृत्यूवर सगळे रडतात आणि बाकीचे वाहून जाते.

प्रश्न : श्यामचे घराणे खोतांचे, तरी इतकी गरिबी कशी? (महाल)

उत्तर : खोत म्हणजे कोकणात कुळांकडून सारा गोळा करून सरकारात भरणारा. मानमरातब मोठा, पण भाऊबंदकी, वाटण्या आणि सावकारी कर्ज यांत अशी घरे बुडत. आपल्याकडच्या मालगुजाराशी (गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार) त्याची तुलना करून सांगितली की नागपूर, वर्धा, भंडाऱ्याच्या मुलांना चटकन उमगते. वऱ्हाडात मात्र रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरत, त्यामुळे अमरावती-अकोल्याकडच्या मुलांना वेगळे समजवावे लागेल. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 उजाडले. हे सांगायलाच हवे, कारण कथेत कर्जाखाली पिचणारे खोताचे घर दिसते, त्या खोताला सारा देणारी कुळे जवळजवळ दिसत नाहीत. आईच्या बाबतीतही हेच पाहा. घराची अब्रू तिने राखायची, सावकाराच्या माणसाचे अपशब्द तिने ऐकायचे. कर्ज काढण्याचा निर्णय मात्र तिचा नाही. तिच्या त्यागाचे कौतुक करताना मुलींना ‘असेच सोसा’ असा धडा जाऊ नये, याची काळजी घ्या.

प्रश्न : ‘छडी लागे छमछम’वर स्नेहसंमेलनात नाच बसवावा का?

उत्तर : गाणे याच चित्रपटातले, अत्र्यांचे शब्द आणि वसंत देसाईंचे संगीत, चाल गोड आहे, बसवा. पण शिक्षणहक्क कायदा 2009, कलम 17 नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई आहे, हे निवेदनात एका वाक्यात सांगा. शिक्षकाची भूमिका छडी उगारणाऱ्याची ठेवू नका.

प्रश्न : दाखवायला परवानगी लागते का?

उत्तर : शाळेत, फक्त विद्यार्थी, पालक आणि कर्मचारी यांच्यासाठी, शैक्षणिक उपक्रम म्हणून दाखवण्यास कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये सूट आहे. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे या चित्रपटाचा 2013 अखेर संपला. अत्र्यांचे लेखन आणि गीते मात्र त्यांच्या निधनापासून (1969) मोजली जातात, त्यांचे हक्क 2029 अखेरपर्यंत आहेत. म्हणून वस्तीतल्या सभागृहात खुला कार्यक्रम ठरवत असाल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, आणि तिकीट लावू नका.